दहावी-बारावीनंतर पुढे काय?



लावणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही गटागटांतून फिरतो, तेव्हा अलीकडे उसाइतकीच चौकशी मुलांच्या शिक्षणाची होते. हा शेतकी खात्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण घरातला पैसा एका चुकीच्या प्रवेशापायी गेला की पुढच्या साली त्या रानात बेणे-खताला पैसा उरत नाही, हे आम्ही बांधावर उभे राहून पाहतो. सबब यंदा या पानावर उसाऐवजी प्रवेशाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

मुख्य गोष्ट अगोदरच सांगतो. शिक्षणाचा रस्ता एकच नाही. कमी खर्चाच्या वाटेने निघालेला मुलगाही पदवीपर्यंत पोचू शकतो. म्हणून एका जागेसाठी कोणीही जमीन मोडू नये.

दहावीनंतरच्या वाटा

अकरावी-बारावी ही एक वाट झाली. ज्या मुलाचा हात मोटर खोलण्यात, वेल्डिंगमध्ये रमतो त्याला आयटीआय बरी. फिटर व इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा आहे. आयटीआय झाल्यावर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. साखर कारखान्याच्या मिलपासून वीजनिर्मितीपर्यंत या हातांवाचून गाडा चालत नाही. बॉयलरवर काम करावयाचे तर सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र वेगळे मिळवावे लागते. तेही ज्याच्या हाती असते त्याला मागणी असते.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. ही पदविका तीन वर्षांची असते. आता हा जोड ध्यानात घ्या: दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पदविका झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे आयटीआयला गेला म्हणून पोरगं वाया गेलं, ही समजूत खोटी आहे. मध्येच थांबावे लागले तरी हाताला काम असते, हा या वाटेचा मोठा फायदा. बारावीला शास्त्र शाखा घेऊन इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, तर त्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडा आहे.

एक-दोन विषय राहिले म्हणून शाळा सोडवू नये. पुरवणी परीक्षा असते. दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला बसता येते.

बारावीनंतर

कृषी पदवीला राज्य सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी द्यावी लागते. गणित गट किंवा जीवशास्त्र गट, दोन्ही चालतात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे. खासगी कृषी महाविद्यालयात घालणार असाल तर ते यांपैकी एकाशी संलग्न आहे काय, हे आधी पाहावे. पदवी म्हणजे नोकरीच, असे मात्र समजू नये. खते-औषधांचे दुकान, रोपवाटिका, ठिबकची कामे असे धंदेही त्यातून उभे राहतात. औषधविक्रीच्या परवान्याला आता ठरावीक शिक्षण लागते.

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना आपल्याच धंद्यातली वाट आहे. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच 1975 साली उभी केली. तेथे साखर व मद्यार्क तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था 1936 पासून हेच काम करीत आहे. आपल्या उसाची साखर करणारा केमिस्ट आपल्याच घरातला का नसावा?

घर सोडता येत नाही अशांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. शेती सांभाळून पदवी घेता येते.

दाखले वेळेवर काढा

बेणे आधी आणि सरी मागून, असे आपण करीत नाही. दाखल्यांचेही तसेच. निकाल लागल्यावर तहसीलला धावाल तर रांगेतच फेरी संपून जाईल. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला व नॉन-क्रीमी लेयर हे कागद आधीच काढून ठेवावेत. नॉन-क्रीमी लेयरची मुदत 31 मार्चला संपते, हे विसरू नये. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून बारावी सुरू असतानाच अर्ज टाकावा. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे काय, ते घरीच तपासावे.

पसंतीक्रम भरताना

अर्ज ऑनलाइन असतो म्हणून तो सेवा केंद्रातल्या पोराच्या हवाली करून मोकळे होऊ नका. शेजारी बसून भरावा. जे महाविद्यालय खरोखर पाहिजे तेच पहिल्या क्रमांकावर घालावे. इंजिनिअरिंग व पदविकेला पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर तीच घ्यावी लागते, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. पासवर्ड कोणाला देऊ नये, आपल्या वहीत लिहून ठेवावा.

पैशाचे गणित

“साहेब, अमुक रक्कम भरा, जागा पक्की,” असे सांगणारे एजंट जून-जुलैत गावात येतात. त्यांना चहा पाजा, पण पैसे देऊ नका. शासनाच्या बहुतेक फीसवलती केंद्रीय फेरीतून झालेल्या प्रवेशालाच मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की डोनेशन गेले आणि सवलतही गेली, असा दुहेरी तोटा.

मुलींच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. तेही केंद्रीय फेरीतून प्रवेश असेल तरच. तेव्हा “पोरगीला एवढं कशाला?” हा प्रश्न आता पैशाचा राहिलेला नाही. वसतिगृहात राहणाऱ्या अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर, दरवर्षी, मुदतीत करावा लागतो.

तरीही पैसा कमी पडला तर सावकाराकडे किंवा जमिनीकडे वळण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. 4 लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र त्या काळातही चढत असते, म्हणून लागेल तेवढेच घ्यावे.

शेवटी एकच विनंती. शेजाऱ्याच्या रानात एखादी जात चांगली आली म्हणून आपण ती डोळे झाकून लावत नाही, आधी आपली जमीन आणि पाणी बघतो. मुलामुलींचाही कल तसाच बघावा, त्यांच्याशी बोलावे आणि मगच अर्ज भरावा. कोणता कागद कुठे मिळतो याची अडचण असल्यास आपल्या गट कार्यालयात या. उसाच्या नोंदीइतक्याच आपुलकीने आम्ही सांगू.