जुनी दुखापत आणि पुढे वाकून चालवायची मोटारसायकल

पूर्वी आपल्या भागात राजदूत, येझदी, बुलेट अशा गाड्या दिसत. त्यांच्यावर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसे. आता कोणत्याही कॉलेजच्या फाटकासमोर पाहा. हँडल आखूड आणि खाली, आसन मागून चढते, पाय ठेवायची जागा मागे आणि वर. शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवर बांधलेल्या या स्पोर्ट्स मोटारसायकली तरुणांना फार आवडतात. धडधाकट माणसालाही तिची सवय व्हायला काही दिवस लागतात. मग ज्याचे मनगट पूर्वी मोडले आहे, गुडघ्याची शीर दुखावली आहे किंवा कमरेची चकती सरकलेली आहे, त्याने काय करावे? आजचा लेख अशा मंडळींसाठी आहे.

काही महिन्यांपूर्वी एक बाई आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, याला गाडी विकायला सांगा. रोज रात्री मनगट शेकत बसतो," एवढेच त्या म्हणाल्या. मुलगा मान खाली घालून बसला होता. चार वर्षांपूर्वी कबड्डी खेळताना त्याचे उजवे मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लॅस्टर होते. प्लॅस्टर निघाले, दुखणे थांबले, आणि व्यायाम कधी झालाच नाही. पुढे नोकरी लागली, हप्त्यावर गाडी घेतली. कामाचे ठिकाण पस्तीस किलोमीटरवर.

आई औषधे आणायला बाहेर गेल्या तेव्हा तो खरे बोलला. वीसएक मिनिटे गाडी चालवली की अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी रस्त्यात म्हैस आडवी आली. त्याने पुढचा ब्रेक दाबला, पण हातात जोरच आला नाही. मागच्या ब्रेकवर कसाबसा थांबला. घरी कोणाला सांगितले नव्हते. मी त्याची पकड तपासली. उजव्या हाताची ताकद डाव्याच्या जवळजवळ निम्मी होती.

वाचकहो, सांगायचा मुद्दा हाच आहे. गाडीवरचे जुने दुखणे हा केवळ सहनशक्तीचा प्रश्न नसतो. ज्या हाताने ब्रेक लावायचा तोच हात बधिर झाला, तर तो जिवाचा प्रश्न होतो.

वजन जाते कोठे?

ताठ बसायच्या गाडीवर शरीराचे बहुतेक वजन बैठकीवर पडते. पुढे वाकले की धडाचा आणि डोक्याचा बराचसा भार हातांकडे सरकतो. वेगात असताना समोरचा वारा छातीला मागे रेटतो, त्यामुळे हातांवरचा भार थोडा हलका होतो. शर्यतीत म्हणूनच ही बैठक चालून जाते. आपल्या गावातील रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने, खड्डे आणि गतिरोधक ओलांडत जाताना तो वारा मदतीला येत नाही. सगळा भार तळहातांवर, आणि प्रत्येक ब्रेकला त्यात भर. मागे कोणी बसले असेल तर ब्रेक लावताना त्याचेही वजन चालवणाऱ्याच्या पाठीवर येते.

त्याच वेळी मान वर उचलून रस्ता पाहावा लागतो. म्हणजे कंबर पुढे वाकलेली आणि मान मागे वळलेली. गुडघे काटकोनापेक्षा अधिक दुमडलेले. ज्या सांध्यात जुना दोष आहे तो आधी तक्रार करतो.

आधी स्वतःची परीक्षा

दुखापतीनंतर गाडीवर परत बसण्यापूर्वी पुढील चार गोष्टी घरीच तपासता येतात.

१) दोन्ही हातांनी ब्रेक व क्लचचे दांडे पूर्ण दाबून पाहा. लागोपाठ वीस वेळा दाबल्यावरही जोर टिकला पाहिजे.

२) मान दोन्ही बाजूंना खांद्याच्या रेषेपर्यंत वळते का पाहा. वळत नसेल तर मागची वाहने दिसणार नाहीत.

३) गाडी बंद असताना आसनावर बसून दोन्ही पायांनी तिचे वजन सावरता येते का? ज्याचा गुडघा दगा देतो, त्याची गाडी सिग्नलला उभी असतानाच पडते.

४) गाडी बंद ठेवून मित्राला ती सरळ धरायला सांगा. नेहमीसारखे वाकून बसा आणि हात हँडलवरून किंचित उचला. दहा सेकंद तसेच राहता आले तर पोट, पाठ आणि मांड्या आपले काम करत आहेत. लगेच पुढे पडलात तर तुमचे सगळे वजन मनगटे उचलत आहेत असे समजा.

बसण्याची रीत

बहुतेकांचे निम्मे दुखणे बसण्याच्या चुकीमुळे असते. कमरेतून पोक काढून वाकू नका, खुब्यातून वाका. पाठ लांब आणि सरळ राहू द्या. दोन्ही मांड्यांनी पेट्रोलची टाकी धरा, विशेषतः ब्रेक लावताना. टाकी मांड्यांनी धरली की धड पुढे घसरत नाही आणि हात मोकळे होतात. कोपरे किंचित वाकलेली असावीत. कोपर ताठ असेल तर खड्ड्याचा धक्का मनगटातून थेट खांद्यापर्यंत जातो. हँडल मुठीत आवळू नका.

मान दुखत असेल तर नुसती हनुवटी वर करू नका, छाती थोडी उचला. गतिरोधकावर पायांवर जोर देऊन बैठक किंचित उचला, म्हणजे धक्का मणक्याला न बसता मांड्या झेलतील. मागच्या खिशातले जाडजूड पाकीट काढून ठेवा. त्याने एक बाजू उंच होते आणि नितंबातील नस दबते. पाठीवर जड सॅक घेऊ नका. गळपट्टीचे हाड पूर्वी मोडून पट्टी बसवली असेल तर सॅकचा पट्टा नेमका तेथेच घासतो. सामान मागच्या आसनावर बांधा.

गाडीत काय बदलता येते?

चांगल्या मेकॅनिककडे अर्धा तास द्या. ब्रेक आणि क्लचचे दांडे थोडे खाली वळवून घ्या. हँडल धरून बोटे दांड्यावर ठेवली असता कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा यावी. मनगट वर मोडलेले असेल तर त्यातील नसेवर दाब येतो. काही गाड्यांत दांड्याचे मुठीपासूनचे अंतर कमी करण्याची सोय असते, ती वापरा. क्लचची केबल सुकली असेल तर तेल द्या. जड क्लच हा गर्दीत मनगटाचा शत्रू.

घोट्याची दुखापत असेल तर गिअरचा दांडा थोडा वर-खाली करून घ्या. गुडघा दुखत असेल तर आसनाचा फोम थोडा वाढवल्याने गुडघ्याला जागा मिळते, मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मागचा शॉकअॅब्सॉर्बर आपल्या वजनाप्रमाणे बसवून घ्या आणि टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. जादा हवेचा टायर प्रत्येक खडा कमरेपर्यंत पोचवतो. टाकीच्या बाजूला रबरी पट्ट्या चिकटवल्या तर मांड्यांची पकड सोपी होते. हँडल उंच करण्याचे साहित्यही मिळते, परंतु ते आपल्या गाडीसाठीच बनवलेले हवे. ते बसवल्यावर हँडल पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, हे पाहणे आवश्यक. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मनाई आहे. त्यामुळे मोठा बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे.

मान दुखते म्हणून हेल्मेट काढून ठेवणारे पुष्कळ भेटतात. ही चूक करू नका. आय.एस.आय. खुणेचे, डोक्याला नीट बसणारे आणि त्यातल्या त्यात हलके हेल्मेट निवडा. सैल हेल्मेट वाऱ्याने हलते आणि मानेला अधिक शिणवते.

दहा मिनिटांचा व्यायाम

१) पालथे झोपून कोपरे व पायाच्या चवड्यांवर शरीर उचला, दहा ते वीस सेकंद, तीन वेळा.

२) उताणे झोपून गुडघे दुमडा आणि कंबर उचला, दहा वेळा.

३) पाय सरळ ठेवून एकेक पाय वीतभर उचला आणि पाच सेकंद धरा, प्रत्येकी दहा वेळा. गुडघ्यासाठी हा उत्तम.

४) हनुवटी मागे आत ओढून पाच सेकंद धरा, दहा वेळा.

५) अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन मनगट सावकाश वर-खाली करा, पंधरा वेळा. नंतर मऊ चेंडू दाबा.

व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेले, तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल तर व्यायाम निम्मा करा. हाड नुकतेच जुळले असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चकती सरकलेली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

प्रवासात दर पाऊण तासाने थांबा. गुडघा अधू असेल तर त्याहून लवकर. पाच मिनिटे चाला, कमरेवर हात ठेवून मागे वाका, बोटे उघडझाप करा. दुखू लागल्यावर थांबण्यापेक्षा दुखण्यापूर्वी थांबणे शहाणपणाचे. थंडीत हातमोजे आणि गुडघ्यावर जाड कापड हवे, कारण गारठ्याने जुना सांधा आखडतो.

केव्हा गाडी चालवू नये?

बोटांचा बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही राहत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, पाऊल उचलताना लटके पडत असेल, तर गाडी ठेवून द्या आणि तपासणी करून घ्या. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी खोलगट भागात दुखत राहिले, तर पहिला एक्स-रे चांगला असला तरी पुन्हा दाखवा. तेथील लहान हाडाची चीर पहिल्या फोटोत निसटू शकते. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे ही तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

वेदनाशामक गोळी खाऊन लांबचा प्रवास करू नये. गोळी वेदना झाकते, सांध्याला बळ देत नाही. स्नायू सैल करणाऱ्या आणि नसांच्या दुखण्यावरील अनेक गोळ्यांनी तर गुंगी येते.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सगळे करूनही काहींना ही बैठक मानवत नाही. त्यांनी ताठ बसायची गाडी घ्यावी. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

त्या मुलाचे काय झाले? मी त्याला सांगितले, "गाडी विकायची की नाही हे नंतर ठरवू. आधी दोन महिने एस.टी.ने जा." म्हशीची गोष्ट आईला त्यानेच सांगावी अशीही अट घातली. त्याने सांगितली. नसेची तपासणी झाली, रात्री मनगटाला आधाराची पट्टी आणि रोज व्यायाम सुरू झाला. तिसऱ्या महिन्यात पकड बरीच सुधारली, मुंग्या थांबल्या. मनगट मात्र पूर्वीइतके मागे वळत नाही, आणि बहुधा वळणारही नाही. म्हणून त्याने दांडे खाली वळवून घेतले, हँडल थोडे उंच केले. आता तो निम्म्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर न चुकता थांबतो. पावसाळ्यात एस.टी.नेच जातो. परवा आई भेटल्या. "गाडी विकली नाही त्याने," म्हणाल्या, "पण आता हात दुखला तर मला सांगतो."

जुनी दुखापत लपवू नका. घरात सांगा, डॉक्टरांना सांगा आणि त्याप्रमाणे गाडी, बैठक व प्रवास जुळवून घ्या.