नाव नसलेले नाणे
शास्त्रपाठ : उत्पत्ती २३:१६, मत्तय १७:२४-२७

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर आपण जुने पैंजण मोडायला नेले, तर सराफ आधी कस पाहतो आणि मग ते काट्यावर ठेवतो. ते कोणत्या गावी घडले हे तो विचारीत नाही. अब्राहामाने एफ्रोनाला शेताबद्दल ४०० शेकेल रुपे दिले तेही तोलूनच. हा पाठ शिकविताना आपण सहज "४०० नाणी" म्हणून जातो, ते बरोबर नव्हे. शेकेल हे तेथे वजन आहे.

तोललेले रुपे व नाणे यांमधला टप्पा आपल्या देशात पाहावयास मिळतो. ख्रिस्तापूर्वी चार-पाचशे वर्षे रुप्याचे तुकडे ठराविक वजनाचे कापून त्यांवर ठसे मारीत. कार्षापण सुमारे ३२ गुंजांचा. जास्त भरला तर कोपरा छाटीत. वाईकडे सापडलेल्या अशा लहान नाण्यांवर विहिरीवरच्या कप्पीसारखी खूण आहे. राजाचे नाव नाही, नगराचे नाही, अक्षरच नाही. कोणी ती अश्मक जनपदाची म्हणतात, कोणी कुंतलाची. कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाचा मुलूख. आम्हां हुबळीकरांना दुसरे मत आवडावे हे साहजिक आहे, पण आवड हा पुरावा नव्हे. वाईकडे सापडले म्हणून तेथेच पाडले असेही ठरत नाही. पैसा चालतो.

बरे, नाव असले म्हणजे प्रश्न मिटतो काय? पेत्राला माशाच्या तोंडात मिळालेल्या एका नाण्यात दोघांचा मंदिराचा कर भागला. ते बहुधा सोर नगराचे, सुमारे १४ ग्रॅमचे शेकेल असावे. त्यावर एकीकडे मेल्कार्थ देवाचे मुख, दुसरीकडे गरुड व सोरचे नाव असे. तरीही ख्रिस्तपूर्व १८ च्या सुमारानंतरची ओबडधोबड शेकेले यरुशलेमेतच पाडली गेली, असे याकोव मेशोरेर या इस्राएली नाणेतज्ज्ञांनी मांडले. इतर विद्वान ती सोरचीच मानतात.

येथे मुले विचारतील, "दैवताचे नाणे मंदिरात कसे चालले?" शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये. त्या नाण्याची चांदी चोख होती, वजन भरवशाचे होते, आणि करासाठी तेच पाहिले जाई. मूर्तीची अडचण त्या काळच्या भाविकांना जाणवत नसेल असे आम्हांला वाटत नाही. ते नाणे कोठले, असे विचारले तर वर्गातील नकाशावर सोर व यरुशलेम दोन्हींवर खूण करावी.