टेस्टर दोन्हीकडे पेटला!

मागच्या वर्षी आमच्या घरी हॉलला पीओपी करून घेतलं. छतात बसवलेले आठ एलईडी दिवे, प्रत्येकी १२ वॉटचे. पाच महिने मस्त चालले आणि एका संध्याकाळी त्यातले चार एकदम गेले. बाबा म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? बघ मग."

आता घरातले दिवे पॅरललमध्ये असतात, एक गेला तर बाकीचे चालू राहतात, हे शाळेपासून पाठ. मग चार एकत्र कसे जातील? मी स्टुलावर चढून पाचवा दिवा खाली ओढला. फेजला टेस्टर लावला, पेटला. न्यूट्रलला लावला, तिथेही पेटला! मी पटकन खाली उतरले.

वायरमन काका आले. आधी मला ओरडले (स्विच चालू ठेवून वर चढल्याबद्दल, आणि बरोबरच होतं), मग समजावलं. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला होता. फेज दिव्याच्या ड्रायव्हरमधून न्यूट्रलच्या वायरमध्ये येतो, पण पुढे परत जायला वाटच नाही. म्हणून दिवा बंद आणि वायर मात्र दोन्ही जिवंत. "दिवा बंद आहे म्हणजे वायर मेलेली आहे, असं कधी समजू नकोस ताई," काका म्हणाले. तीन वर्षांत एकाही जर्नलमध्ये मी हे लिहिलेलं नाही.

चौथ्या दिव्यापर्यंत न्यूट्रल ठीक, पाचव्यावर गायब. म्हणजे दोष दोघांच्या मध्ये, आणि मध्ये सलग पीओपी! शेवटी फूटभर छत कापलं. आत नुसता पिळून केलेला जॉइंट, वर काळी टेप. टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळून ती घसरली होती आणि पीळ सैल झाला होता. बॉक्स वगैरे काही नाही. हा जॉइंट तिथे आला कसा? वायर आधी ओढली, नंतर पाचव्या दिव्याच्या जागी पीओपीचं लोखंडी चॅनेल आडवं आलं. दिवा दोन फूट सरकवला, वायर कमी पडली, कुणीतरी तुकडा जोडला आणि छत बंद केलं.

यंदा बेडरूमची पाळी आली तेव्हा नकाशा मी काढला. खोली १६ बाय १२ फूट, दिवे सहा, तीन-तीनच्या दोन ओळी. नियम सोपा आहे: दोन दिव्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपासून. म्हणजे लांबीत ५ फूट ४ इंच आणि भिंतीपासून २ फूट ८ इंच. रुंदीत ६ फूट आणि ३ फूट. मधोमध ४८ इंची पंखा. त्याची पाती मध्यापासून २ फूट पोचतात, मधले दिवे ३ फुटांवर आहेत, म्हणजे पात्यांच्या बाहेर. दिवा पात्याच्या वर आला की खोलीभर सावल्या फिरतात, डोकं उठतं. या जागा आम्ही आधी जमिनीवर खडूने आखल्या. पीओपीवाल्यांनी चॅनेल त्या चुकवून लावले. भांडण तिथेच मिटलं.

वायरिंगचा आमचा नियम एकच होता: जॉइंट फक्त दिव्याच्या भोकाजवळ. बोर्डातून पाइप पहिल्या दिव्याकडे, तिथून दुसऱ्याकडे, असं लूप करत जायचं. कोपऱ्यातले चार एका स्विचवर, मधले दोन दुसऱ्यावर. म्हणून पाइपात चार वायर: दोन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. प्रत्येक भोकाशेजारी हात पोचेल अशा अंतरावर झाकणाचा छोटा जंक्शन बॉक्स, आत स्क्रूचे कनेक्टर, आणि फूट-दीड फूट वायर जास्तीची. दिव्यांचं भोक साडेचार इंची घेतलं. त्याहून लहान भोकातून माझा हात जाईल, पण दुरुस्तीला येणाऱ्या काकांचा जायला नको का?

सहा दिव्यांचा लोड ७२ वॉट, करंट जेमतेम ०.३ अँपिअर. मग दीड स्क्वेअर एमएमची वायर कशाला, असं बाबांनी विचारलं. कारण वायर दिव्याकडे बघून नाही, एमसीबीकडे बघून निवडायची. आमची एमसीबी ६ अँपिअरची आहे. त्याहून जास्त करंट गेला तरच ती पडणार, तोवर वायरने टिकायला हवं. बारीक वायर एमसीबीच्या आधी जळेल. शिवाय लाइटच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त लोड नको, हा जुना नियम आपल्या पुस्तकात आहेच.

छत बंद करायच्या आधी काकांनी ड्रायव्हर न जोडता ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासलं. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं असतं तर पुढचं काम थांबवणार होतो. एकदा छत बंद झालं, की पीओपीच्या स्क्रूने पाइप भोसकला आहे का ते दिसत नाही. (म्हणून छत बंद झाल्यावर पुन्हा एकदा मेगर लावला.) मग मी भिंतीपासून मोजपट्टी धरून प्रत्येक बॉक्सचा फोटो काढला. प्रिंट बाबांच्या कपाटात घराच्या कागदांबरोबर ठेवल्या आहेत. एका फोटोत मोजपट्टी उलटी धरली गेली आहे, तेवढा मान वाकडी करून वाचावा लागतो.