काशीत खाडीचे पाणी : घरगुती निमखारे मत्स्यालय

वाराणसीच्या संकठा घाटावर उभे राहिले असता एका बाजूस शिंदे घाट लागतो व दुसऱ्या बाजूस, थोड्या अंतरावर, नागपूरकर भोसल्यांचा घाट. समोरील गंगेचे पाणी गोडे आहे. ते गाळून घेऊन लिटरभर आटविले, तर तळाशी अर्धा ग्रॅमही क्षार उरणार नाहीत. बंगालचा उपसागर येथून सरळ रेषेतही सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याने खाडीतले मासे घरी पाळावयाचे मनात आणले, तर ते साधेल काय? साधेल, परंतु त्यासाठी माशांपूर्वी पाण्याची ओळख करून घ्यावयास हवी.

मुंबईस हा प्रश्न फारसा पडत नाही. चर्नी रोडजवळ १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय अगदी समुद्राच्या काठी होते. लंडनची स्थिती मात्र काशीसारखीच होती. तेथील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्राचे पाणी किनाऱ्यावरून वाहून आणावे लागे. ही यातायात टाळण्यासाठी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार केले व त्यात सागरी वनस्पती आणि प्राणी जगवून दाखविले.

असे पाणी बनविता येते याचे कारण समुद्राच्याच एका गुणात आहे. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात निरनिराळ्या महासागरांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाणी कमी खारे असो वा जास्त, त्यातील मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ कायम राहते, असे त्यात दिसून आले. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड व सोडियम मिळून पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक भरतात. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचा भाग मोठा. स्वयंपाकघरातील मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. ते कितीही घातले तरी मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची उणीव भरून निघत नाही. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे तयार सागरी क्षारमिश्रणच घ्यावे. येथे काटकसर करू नये.

आता माशाच्या शरीराकडे वळू. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या रक्तातील क्षारता समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असते. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सतत शिरत असते. ते त्याला पातळ मूत्रावाटे टाकून द्यावे लागते आणि क्षार मात्र जपून ठेवावे लागतात. समुद्रातील माशाचे याच्या उलट. त्याच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो खारे पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांतील विशिष्ट पेशींतून बाहेर टाकतो. दोन्हीकडे शक्ती खर्च होतेच. पाण्यात लिटरास दहा-बारा ग्रॅम क्षार असले, म्हणजे ते खाडीच्या पाण्यासारखे निमखारे असले, तर आत-बाहेरची क्षारता जवळजवळ सारखी होते आणि हा भार बराच हलका होतो. नवशिक्याने पूर्ण सागरी मत्स्यालयाऐवजी निमखाऱ्यापासून आरंभ करावा, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच. शिवाय क्षार तिपटीने कमी लागतात.

काही मासे हा बदल आयुष्यात आपणहून करतात. १९७५ साली फरक्का बंधारा सुरू होण्यापूर्वी समुद्रातून निघालेली हिलसा गंगेतून वर चढत काशी ओलांडून प्रयागच्याही पुढे जात असे. या घाटांसमोरून समुद्राचा मासा पूर्वी नित्य जात होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पण तो वाटेत हळूहळू सरावत येई. टाकीत मासा एका मिनिटात सोडला जातो, हे विसरू नये.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३६ उंच असावी. पाणी ३० सेंटिमीटर भरले की वाळू वजा जाता सुमारे ५० लिटर होते. लहान टाकीत पाण्याचे गुण फार लवकर पालटतात, म्हणून याहून लहान घेऊ नये. भरल्यावर वजन सत्तर किलोग्रॅमच्या घरात जाते. तेव्हा बैठक मजबूत व अगदी सपाट हवी आणि खिडकीचे ऊन टाकीवर येता कामा नये. तळाशी धुतलेली जाड वाळू व तीत कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मिसळावा. त्यामुळे पाणी आम्लधर्मी होत नाही. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी पुरते. पाणी नळाचे चालेल, परंतु त्यातील क्लोरीन हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, काढून टाकावा. गंगेचे पाणी आणण्याचा मोह होईल. तथापि त्यातून गाळ व माशांचे परजीवी टाकीत येतात.

५० लिटरांस ५०० ग्रॅम क्षारमिश्रण आदल्या दिवशी बादलीत थोड्या थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. क्षारता घनतामापीने, म्हणजेच हायड्रोमीटरने, पाहावी. समुद्रजलाचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असते. आपल्या टाकीचे १.००७ च्या जवळ यावे. शाळेत हे उपकरण स्वतः करून पाहण्याची हौस असते, तेव्हा एक गोष्ट ध्यानात असू द्या. छर्रे भरलेली सरळ परीक्षानळी गोड्या पाण्यात १२ सेंटिमीटर बुडत असेल, तर समुद्रजलात ती अवघी ३ मिलिमीटर वर येईल आणि निमखाऱ्या पाण्यात एक मिलिमीटरही नाही. एवढा फरक डोळ्यांस कळणे कठीण. म्हणूनच विकतच्या घनतामापीचा फुगा जाड व दांडी अतिशय बारीक असते : थोड्या फरकाने दांडी पुष्कळ वर-खाली होते.

आता सर्वांत कठीण भाग येतो, तो म्हणजे थांबणे. पाणी नितळ झाले की मासे आणण्याची घाई होते, आणि आठवड्याभरात मासे मेले की दोष मिठाला दिला जातो. मारणारा बहुधा अमोनिया असतो. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून तो निर्माण होतो, आणि निमखाऱ्या, किंचित अल्कधर्मी पाण्यात त्याचा विषारीपणा वाढतो. तो डोळ्यांस दिसत नाही. निसर्गात एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट, जे बरेच निरुपद्रवी असते. हे जीवाणू स्पंजावर व वाळूत वस्ती करावयास साधारणपणे चार ते सहा आठवडे घेतात. तोपर्यंत टाकी रिकामीच चालू ठेवावी, दररोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी आणि परीक्षणसंचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. पुढेही स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. वीज गेली की हवेचा पंप थांबतो व माशांप्रमाणे जीवाणूंचाही श्वास कोंडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असावा.

बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार जात नाहीत. म्हणून घटलेले पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरावे. हा नियम मोडला तर काय होते ते हिशेबाने पाहा. दर आठवड्यास ५ लिटर पाणी उडाले आणि त्या जागी लिटरास १० ग्रॅम क्षारांचे पाणी घातले, तर प्रत्येक वेळी ५० ग्रॅम क्षारांची भर पडते. दहा आठवड्यांत ५०० चे १००० ग्रॅम होतात आणि टाकी दुप्पट खारी होते. याउलट, पाणी बदलण्यासाठी जे काढून टाकतो (आठवड्यास ५ लिटर पुरे), त्याच्या जागी तितकेच खारे पाणी घालावयाचे असते. या दोन गोष्टींत नवशिके फार गोंधळतात. वैशाख-ज्येष्ठात काशीस लू वाहू लागली की बाष्पीभवन झपाट्याने होते, तेव्हा काचेवर पातळीची खूण करून रोज पाहावे. पाणी तापले की त्यात प्राणवायूही कमी मावतो. ३० अंशांवर लिटरभर गोड्या पाण्यात तो सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो, समुद्रजलात सहाच्या थोडा वर. त्या दिवसांत पाण्यावर पंखा सोडावा. बर्फ टाकू नये. हिवाळ्यात २५-२६ अंशांवर ठेवणारा तापक लागेल.

मासे थोडे आणावे. मॉली हा मासा दुकानात गोड्या पाण्यात विकला जातो, पण निमखाऱ्यात तो अधिक निरोगी राहतो. चार-पाच मॉली पुरेत. पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळत तास-दीड तास जाऊ द्यावा. शक्यतो टाकीची क्षारता प्रथम कमी ठेवून दोन-तीन आठवड्यांत वाढवावी. कोकण-गोव्यातील कालुंदर खाडीचा खरा रहिवासी. परंतु तो वीतभराहून मोठा होतो, ही टाकी त्याला पुरणार नाही. त्याची धाकटी नातलग, दक्षिणेतील केशरी क्रोमाइड, आठ सेंटिमीटरांच्या आतच राहते. तिची जोडी महिनाभराने आणता येईल. शोभेसाठी प्रवाळ किंवा समुद्रघोडा कोणी देऊ केला तर घेऊ नये. समुद्रघोड्यांस व प्रवाळांच्या अनेक जातींस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

पुढे कधी टाकी मोडावी लागली, तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास किंवा दुकानदारास द्यावे. घाट दारात असताना ते गंगेत सोडणे दयेचे वाटते, पण २०२० साली वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ मांजरमासा सापडला. टाकी साफ ठेवणारा म्हणून दुकानात विकला जाणारा हाच तो मासा. नदीत तो आपोआप आलेला नाही. टाकीतील खारे पाणी कुंड्यांतील रोपांना घालू नये. ते मोरीत ओतावे, आणि वाळू धुऊन पुढच्या टाकीसाठी ठेवावी.