शनिवारी भायखळा, रविवारी काळा घोडा

मुंबईला दोन दिवस मोकळे मिळाले की होस्टेलवरची जनता काय करते हे सर्वांना ठाऊक आहे. मरीन ड्राइव्ह, गेटवे, फॅशन स्ट्रीट, एक पिक्चर आणि परतीची गाडी. म्युझियमचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" मला हे उत्तर पटत नाही. मशीन ड्रॉइंगसुद्धा पहिल्या दिवशी कोणाला कळलं होतं? बघायची सवय लागते, आणि ती लावायला मुंबईइतकी स्वस्त जागा आपल्याला जवळपास नाही. म्हणून हा लेख.

आधी टाइमटेबल, कारण बहुतेक प्लॅन तिथेच फसतात. शनिवार-रविवारच निवडा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं आणि नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी. दुसरी अडचण म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. त्यामुळे लोकलने जायचं ठिकाण शनिवारी आणि पायी फिरायचं रविवारी, हा क्रम उलटा करू नका. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलात की सामान क्लोकरूममध्ये टाका (बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत). आयकार्ड खिशात ठेवा आणि प्रत्येक तिकीटखिडकीवर विद्यार्थी सवलत आहे का ते विचारा. विचारायला लाजायचं नाही.

संग्रहालयं उघडायला वेळ असतो, तोवर स्टेशनच बघून घ्या. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत फ्रेडरिक स्टीव्हन्सची, आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिच्यावरचे दगडातले प्राणी आणि पानंफुलं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे आपल्याच वयाची पोरं! रोज लाखो लोक त्यांच्याखालून पळतात, पण वर मान करून कोणी बघत नाही.

मग लोकलने तिसरं स्टेशन भायखळा. पूर्वेला उतरून राणीच्या बागेकडे चालत जा. भाऊ दाजी लाड हे मुंबईतलं सर्वात जुनं संग्रहालय, १८७२ सालच्या इमारतीतलं. आत मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे उभे केलेत. पण मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नये. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ च्या सुमारास ते तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला. जवळ जाऊन सांधे शोधा. क्रेनचं लोड कॅल्क्युलेशन चुकलं म्हणून हत्ती आपल्याकडे राहिला, असं मी तरी म्हणते!

बागेत आणखी एक गंमत आहे. काळा घोडा या भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून इथेच आणला. नाव तिकडे राहिलं आणि घोडा इकडे आला. तिकडे २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, पण स्वार नसलेला. दोन्ही घोडे दोन दिवसांत बघून तुलना करा.

रविवारी ब्लॉक सुरू व्हायच्या आत सीएसएमटी गाठा. तिथून दादाभाई नौरोजी रोडने, हुतात्मा चौकावरून, काळा घोडा वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. २०२५ पासून मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशनही झालंय, पण मी चालतच जा म्हणेन. टॅक्सी तर अजिबात नको.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पूर्ण बघायचा हट्ट धरू नका. दोन तासांनंतर पाय आणि डोके दोन्ही बंद पडतात, आणि मग माणूस काचेच्या कपाटांसमोरून नुसता परेड करत जातो. दोनच दालनं घ्या, शिल्पं आणि लघुचित्रं. पण त्याआधी मधल्या हॉलमध्ये उभं राहून वर बघा. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. आपल्यापैकी निम्म्या लोकांची शाळेची सहल तिथे गेलेलीच असते, तेव्हा आपण फक्त ओरडून प्रतिध्वनी ऐकला. आता प्रश्न असा विचारा: खाली चौकोन, वर वर्तुळ, मग मधलं वजन उतरतं कुठून? गोलघुमटात एकमेकांना छेदणाऱ्या कमानी ते काम करतात. इथे काय केलंय ते शोधा. बाहेर आल्यावर भिंतीचा दगडही बघा, कुर्ल्याचा निळसर बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे हॉस्पिटल होतं. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १९२२ मध्ये.

लघुचित्रासमोर माझी पद्धत अशी. पाटी आधी वाचायची नाही. एक मिनिट लांबून, मग अगदी जवळून, आणि मग डोळे मिटून आठवायचं की डाव्या कोपऱ्यात काय होतं. आठवत नाही! परत बघायचं. तिसऱ्या वेळी झाडाचं एकेक पान वेगळं रंगवलेलं दिसतं. त्यानंतर पाटी. असं चारच चित्रांचं करा, चाळीसांचं नको.

समोरच्या बाजूला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. ही पूर्वीची सर कावसजी जहांगीर हॉलची इमारत, तीही विटेटचीच. १९९६ पासून तिथे गॅलरी आहे. आतले अर्धगोल जिने चढत वर घुमटापर्यंत जायचं. तिथे काय लावलेलं असेल ते त्या वेळच्या प्रदर्शनावर. पण जाण्याआधी १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची नावं माहीत असू द्या: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. आरा घरगडी होते, गाड्या धुवायचे. "आपल्याला काय कळतंय" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

शेवटी जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची, प्रवेश फुकट. इथे चित्रकार बऱ्याचदा स्वतः खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांना "याचा अर्थ काय?" असं विचारलं की ते कंटाळतात. "हा पोत कसा आणला? आधी कुठला रंग लावला?" असं विचारा. प्रोसेसचा प्रश्न आपल्याला चांगला विचारता येतो, ते आपलं शिक्षणच आहे. मग ते हाताने हवेत करून दाखवतात, कधी मोबाइलमधले अर्धवट अवस्थेतले फोटोही काढतात. तासभर कसा जातो कळत नाही. फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा, क्लोकरूममधून सामान सोडवायचं असतं आणि रात्रीच्या महालक्ष्मीत जागेवर जाऊन बसायचं असतं.