आक्काच्या ओव्या

माझी थोरली बहीण सासवडजवळच्या एका खेड्यात राहते. आम्ही सारे तिला आक्का म्हणतो. तिचे वय चौऱ्यांशी. जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात, याची गणती तिने स्वतःही कधी केलेली नाही. गेल्या दिवाळीत माझी नात आपला व्हिडिओ कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेली आणि तीन दिवसांत तिने चार तासांचे चित्रीकरण केले. पुढे माघ महिन्यात आक्का आजारी पडली. दुखण्यातून ती उठली. पण तिचा आवाज गेला तो गेलाच. आता ती हळू बोलते, गाऊ मात्र शकत नाही. त्या चार तासांखेरीज तिचे गाणे आता कोठेही उरलेले नाही.

या चित्रीकरणातून अर्ध्या तासाची एक नेटकी चित्रफीत करावी, असे आम्ही ठरविले. बिबवेवाडीच्या आमच्या घरी सात वर्षांपूर्वीचा एक संगणक आहे. नातीने त्यावर संकलनास आरंभ केला. पण काय सांगावे! आक्काचा हात जात्याच्या खुंट्यावर मध्येच थिजे, मग एकदम उडी मारी. ओवी पुढे जाई आणि ओठ मागे राहत.

आम्ही पेठेतील एका दुकानात गेलो. दुकानदाराने एक मोठा देखणा संगणक दाखविला. त्याच्या पेटीत तांबडे-निळे दिवे लुकलुकत होते आणि किंमत माझ्या चार महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी होती. “याहून हलका घेतलात तर काम व्हायचे नाही,” असे त्याने बजावले. काम कोणते, हे मात्र त्याने विचारले नाही. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

आमच्याच सोसायटीत माहितीपटांचे संकलन करणारा एक तरुण राहतो. त्याला बोलावले. तो म्हणाला, “सर, आधी चित्र मोजू या, यंत्र मागून.” आणि त्याने कागद-पेन्सिल मागितली.

मुलांनो, त्या कागदावरचे गणित तुम्हालाही सहज करता येईल. आमच्या कॅमेऱ्याचे प्रत्येक चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदूंचे असते. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूचा रंग लिहून ठेवण्यास तीन बाइट लागतात असे धरू. एका सेकंदात अशी पंचवीस चित्रे. गुणाकार करून पाहा. सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात आणि एका तासास सुमारे ५६० जीबी जागा लागते! तथापि आमचे चारही तासांचे चित्रीकरण अवघ्या ४३ जीबीत मावले होते. हे कसे घडले?

“आक्कांच्या मागची भिंत पाहा,” तो म्हणाला. “ती हालते का? कोनाड्यातला दिवा हालतो का? हालतो तो हात आणि फिरते ते जाते.” कॅमेरा काही चित्रे पूर्ण लिहितो आणि त्यांच्या मधल्या चित्रांपुरता केवळ फरक टिपतो. त्यामुळे जागा वाचते. परंतु मधले एखादे चित्र पाहावयाचे झाल्यास संगणकाला आजूबाजूच्या चित्रांवरून ते पुन्हा रचावे लागते. हे रचण्याचे काम मुख्यत्वे प्रोसेसरचे. रचलेली चित्रे हाताशी ठेवते ती रॅम, आणि सारा माल साठविते ती डिस्क. आमचा प्रोसेसर अगदीच दुबळा नव्हता. पण रॅम होती ४ जीबी आणि डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची.

मला या वेळी दादासाहेब फाळके यांची आठवण झाली. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्च्या फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि प्रती छापण्याचे यंत्र मागविले. हे कारखाने नव्हते. घरात चालविता येतील अशी साधने होती. दादरच्या घरी रात्री अंधारात फितीला भोके पाडण्याच्या कामात पत्नी सरस्वतीबाई त्यांना साहाय्य करीत. विशेष हे, की फाळक्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी एक लहानशी फीत काढून त्यांनी यंत्रांची आणि स्वतःचीही परीक्षा घेतली. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो ३ मे १९१३ रोजी.

आम्हीही मग एका मिनिटाचाच तुकडा घेतला. त्यापूर्वी त्या तरुणाने मूळ चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन बाहेरच्या डिस्कांवर करविल्या आणि त्यांतील एक सासवडला धाडावयास लावली. घर एक असले म्हणजे संकटही एकदमच येते, असे तो म्हणाला. नंतर रॅम १६ जीबी केली आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली. खर्च एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या बराच आत राहिला. सॉफ्टवेअरला तर काहीच पडले नाही. निरनिराळ्या देशांतील लोकांनी मिळून सिद्ध केलेले ‘केडेनलाइव्ह’ विनामूल्य मिळते. ‘डाविंची रिझॉल्व्ह’चीही विनामूल्य आवृत्ती आहे, पण तिला ग्राफिक्स कार्ड चांगले तगडे हवे. रोज हेच काम करावयाचे असते, किंवा चित्रे याच्या चौपट बिंदूंची असती, तर नवा संगणक घेण्यास मीच सांगितले असते, हेही त्याने मोकळेपणाने कबूल केले.

मुख्य युक्ती पुढेच आहे. केडेनलाइव्हने प्रत्येक फायलीची एक लहान प्रत तयार केली, आडवी ९६० आणि उभी ५४० बिंदूंची. म्हणजे चौथाईच भार. या प्रतीला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. काटछाट होते ती हिच्यावर, आणि शेवटी तेच निर्णय संगणक मूळ चित्रांना लावतो. ही रीत नवी नव्हे. फितीच्या काळीही संकलक कात्री चालवी ती कामाच्या प्रतीवर. मूळ निगेटिव्ह जपून ठेवलेली असे. त्या काळी एका मिनिटाच्या चित्रास नव्वद फूट फीत लागे. पुण्यात जेथे पूर्वी प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता, त्या जागी १९६० मध्ये चित्रपटांचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तेथील विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या टेबलावर फीत सरकवीतच हे काम शिकल्या.

आता आक्काचा हात अडखळत नव्हता. नातीने पंधरा दिवस खपून अर्ध्या तासाची चित्रफीत जुळविली. अखेरची प्रत काढण्यास रात्रभर लागणार होती. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा संभव असतो, म्हणून शुक्रवारची रात्र निवडली.

रविवारी आम्ही ती घेऊन आक्काकडे गेलो. तिने सारी चित्रफीत एकाग्रतेने पाहिली. मग नातीला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “अगं, ओवीच्या आधीची जात्याची घरघर कुठं गेली?”

“आजी, नुसताच आवाज होता तो. मी कापला.”

“ती घरघर कानात भरल्यावाचून ओवी ओठावर येत नाही, बाळ.”

नात माझ्याकडे पाहू लागली. कापलेले होते ते संगणकातील निर्णयापुरते. मूळ चित्रीकरण जसेच्या तसे होते. घरी येताच तिने प्रत्येक ओवीच्या आरंभीची कड मागे ओढली, आणि खोलीत पुन्हा जात्याची घरघर भरू लागली.