रुईचा चीक आणि कडवे फुलपाखरू

रुईचे झाड कोणाला माहीत नाही? आपल्या जालना जिल्ह्यात बांधावर, पडिकात, सडकेच्या कडेला ते आपोआप उगवते. शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ असते. गुरे मात्र रुईला सहसा तोंड लावीत नाहीत. पान तोडले की पांढरा चीक येतो, आणि त्यात विष असते. ते पोटात गेले तर ओकाऱ्या होतात. जास्त गेले तर हृदयाची चाल बिघडते.

मग ही पाने खातो तरी कोण? पान हळूच उलटून पाहा. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची एक अळी दिसेल. पान तोडू मात्र नका. माळ ओवताना चीक हाताला लागतो आणि तोच हात डोळ्याला जातो. पुष्कळदा डोळा दुखत नाही, नुसते धूसर दिसते. म्हणून माणूस उगीच बसून राहतो. तसे करू नये. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

आता अळीकडे वळू. ही बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची अळी. ती मोठी हुशार! आधी पानाची शीर कुरतडते, चीक गळू देते, मग खाते. तरी थोडे विष पोटात जातेच. तिला ते बाधत नाही, अंगात साठते. पुढे अळीचा कोष होतो, कोषातून फुलपाखरू निघते, पण विष अंगात राहते. पक्ष्याने असे फुलपाखरू खाल्ले तर तो ओकतो. पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

विष खाण्यातूनच येते हे कशावरून? अमेरिकेत याच कुळातले एक फुलपाखरू आहे. तेथील शास्त्रज्ञांनी त्याच्या अळ्या कोबीवर वाढवल्या आणि 1967 साली निकाल छापला. कोबीवरची फुलपाखरे पक्ष्यांनी खुशाल खाल्ली. एकही पक्षी ओकला नाही.

पावसाळ्यात घरात शिरणारा खडबडीत पाठीचा भेक आपण पाहतो. त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींत रुईच्या विषासारखेच विष असते. पण ते तो स्वतः तयार करतो. जपानातला एक साप असे भेक खातो आणि त्यांचे विष आपल्या मानेत साठवतो. तिथल्या एका बेटावर भेक नाहीत. त्या बेटावरच्या सापांच्या मानेत ते विष सापडले नाही. हे 2007 साली प्रसिद्ध झाले.

आणि एक गंमत. छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. पक्षी फसतात, तिला सोडून देतात. तिची अळी मात्र घोळ खाते. आपण भाजी करतो तीच घोळ. तिच्यात कसले आले विष?